पडद्यावरचे क्वीअर सूर

सिंक परवाना: मालिकेतल्या दृश्याला तयार गाणे जोडण्याची परवानगी. संमती दोन लागतात: रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची. स्वतंत्र कलाकाराकडे बहुधा दोन्ही हक्क असतात. देऊळगाव राजात घरी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यालाही हाच नियम.

मानधन: कॉपीराइट कायदा १९५७चा. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. नवोदितांनी सहीआधी करारातले रॉयल्टीचे कलम वाचावेच. रॉयल्टीची वसुली करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९पासून, मुख्यालय मुंबई.

मुंबईत:
- २०१६: सहा तृतीयपंथी गायकांचा ‘सिक्स पॅक बँड’. वाय-फिल्म्स या निर्मितीसंस्थेने उभा केलेला, म्हणून ‘स्वतंत्र’ नव्हे. गाणी यूट्यूबवर. त्याच वर्षी कान जाहिरात महोत्सवात ग्लास विभागाची ग्रां प्री.
- २०१८: ड्रॅग कलाकार सुशांत दिवगीकर ‘राणी कोहिनूर’ या ड्रॅग-रूपाच्या वेशात झी टीव्हीच्या ‘सा रे ग म प’मध्ये, पुरुषी आणि स्त्री, दोन्ही आवाजांत गायन. ही स्पर्धा; मालिकेचे पार्श्वसंगीत वेगळे.

परदेशात: ‘द एल वर्ड’ (२००४–०९) मालिकेचे शीर्षकगीत दुसऱ्या पर्वापासून ‘बेटी’ या बँडचे. ‘हार्टस्टॉपर’ मालिकेसाठी (२०२२) गायिका बेबी क्वीनने ‘कलर्स ऑफ यू’ हे नवे गाणे दिले.