आजी, अज्जी आणि दिल्ली

आमच्या घरात दोन आज्या आहेत. माझी आई ती 'आजी' आणि सौ.ची आई ती 'अज्जी'. मुलगी बोलायला लागली तेव्हापासून एका 'ज'च्या फरकावर तिने हे नाते व्यवस्थित सांभाळले आहे. आई उचगावची, लग्न होऊन हिंडलग्याला आलेली. सासूबाई बैलहोंगलच्या. सौ. त्यांना अव्वा म्हणते, म्हणून मीही अव्वाच म्हणतो. आई त्यांना विहीणबाई म्हणते, त्या आईला बीगती म्हणतात. आई बोलायला कानडीत सुरुवात करते आणि मराठीत संपवते, अव्वांचे नेमके उलटे. आपल्या भागातल्या वाचकांना यात नवल वाटायचे कारण नाही. पुष्कळ घरांत हेच चालते.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत या दोघींना घेऊन दिल्ली पाहायला जायचे ठरले. नववीतल्या मुलीने पर्यटनाच्या पुस्तकावरून दहा ठिकाणांची यादी केली. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, इंडिया गेट, राजघाट... यादी मोठ्याने वाचून झाली तेव्हा अव्वांनी विचारले, "ह्यात आमची चेन्नम्मा कुठं हाय?"

आई त्या वेळी काही बोलली नाही. रात्री स्वयंपाकघर आवरताना मला म्हणाली, "तिकडं भिंतीवर दादाचं नाव लिवलंय म्हणतात. तेवढं बघायचं. बाकीचं तुम्ही म्हणाल ते."

यादी बारा ठिकाणांची झाली.

दादा म्हणजे आईचा थोरला भाऊ, माझा मामा. मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होता. १९७१ च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानात जमालपूरच्या लढाईत तो गेला. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. मामाला मी पाहिलेले नाही. घरात त्याचा एक फोटो आहे, तोही इतका पिवळा पडलेला की चेहऱ्यापेक्षा टोपीच जास्त दिसते.

लाल किल्ला : छताची गोष्ट

गोवा एक्स्प्रेसने दोन रात्रींचा प्रवास झाला. आईच्या दशम्या आणि लसणाची चटणी, अव्वांची कडक रोट्टी आणि शेंगाचटणी, भोपाळ येईपर्यंत दोन्ही डबे रिकामे झाले. हजरत निजामुद्दीन स्टेशनवर उतरलो आणि पहिल्या दिवशी लाल किल्ला गाठला.

शाहजहानने हा किल्ला १६३९ ते १६४८ या काळात बांधला, हे सगळ्यांना ठाऊक असते. मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे गाइड केला नाही. दिवाण-इ-खासमध्ये उभे राहून दोघींना सांगितले, की इथे वर चांदीचे छत होते. पानिपतच्या आधी, १७६० साली, सदाशिवरावभाऊंनी ते उतरवून फौजेच्या खर्चासाठी नाणी पाडली.

"फौजेला पगार नको व्हय?" आई म्हणाली.

"म्हणून दुसऱ्याच्या घराचं छत काढायचं, बीगती?" अव्वा म्हणाल्या. दोघी हसल्या.

पुढे महादजी शिंदे यांनी दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाती घेतला आणि १८०३ पर्यंत हा किल्ला मराठ्यांच्या देखरेखीखाली राहिला. त्या वर्षी यमुनेपलीकडे पटपडगंजला शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि दिल्ली इंग्रजांच्या कंपनीकडे गेली. अव्वांना मी पुढचा धागा जोडून दिला. याच कंपनीने १८१८ मध्ये पेशवाई बुडवली आणि १८२४ मध्ये ती कित्तूरच्या दारात येऊन उभी राहिली. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी चेन्नम्माच्या फौजेने कंपनीचा धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला लढाईत ठार केले. त्यानंतर कित्तूर पडले, राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत राहिली आणि १८२९ मध्ये तिथेच वारली. तिची समाधी अव्वांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

"म्हणजे आधी तुमचं गेलं, मग आमचं," अव्वा आईला म्हणाल्या. इतिहासाच्या पेपरात याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

घुमट आणि मिनार

दुसऱ्या दिवशी सकाळी कुतुबमिनार पाहिला. सुमारे ७३ मीटर उंचीचा. त्याच आवारात गुप्तकाळातला लोखंडी खांब आहे. सोळा-सतराशे वर्षे उन्हापावसात उभा असून त्याला नावालाच गंज आहे. आपल्या गेटच्या कड्या दोन पावसाळ्यांत गंजतात, हे आईने लगेच बोलून दाखवले.

हुमायूनची कबर सोळाव्या शतकातली. लाल दगड, त्यात पांढरा संगमरवर आणि वर दुहेरी घुमट. पुढे ताजमहालात जे पूर्णत्वाला गेले त्याची ही सुरुवात, असे जाणकार मानतात. अव्वांनी घुमटाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "चलो ऐती. पण आमचा गोलघुमट मोठा."

मुलीला वाटले अज्जी गावाचा अभिमान सांगते आहे. पण अव्वांचे म्हणणे खरे आहे. विजापूरच्या गोलघुमटाचा व्यास बाहेरून सुमारे ४४ मीटर आहे. त्यापुढे हुमायूनचा घुमट लहानच. राजधानीत गेले की तिथले सगळेच सर्वांत मोठे असणार असे आपण गृहीत धरतो. आपल्या भागातली वास्तू डोळ्यांत साठवून गेलेला माणूस दिल्लीही जास्त चांगली पाहतो, हे मला त्या दिवशी कळले.

चेन्नम्मा दूरच राहिली

दुपारी कर्तव्यपथावर आलो. पूर्वीचा राजपथ तो हाच, २०२२ मध्ये नाव बदलले. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायची घोषणा झाली, लट्यन्स आणि बेकर यांनी नवे शहर आखले आणि १९३१ मध्ये नवी दिल्लीचे उद्घाटन झाले. समोर राष्ट्रपती भवन, उजवीकडे जुने गोल संसद भवन आणि त्याला लागून २०२३ मध्ये खुली झालेली नवी इमारत.

या संसदेच्या आवारात आपल्या दोन्ही घरांची माणसे उभी आहेत. महात्मा बसवेश्वर आणि छत्रपती शिवाजी महाराज या दोघांचे पुतळे एकाच वर्षी, २००३ मध्ये, तिथे बसवले गेले. कित्तूर चेन्नम्माच्या पुतळ्याचे अनावरण ११ सप्टेंबर २००७ रोजी झाले. ते केले राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी. कित्तूरच्या राणीच्या पुतळ्यावरचा पडदा जळगावच्या लेकीने, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपतींनी दूर केला. हे सांगितल्यावर आईचा चेहराही खुलला.

पण माझी चूक इथेच झाली. संसदेच्या आवारात पासाशिवाय जाता येत नाही आणि पास आधी काढावा लागतो. पुतळे आवारात आहेत म्हणजे बाहेरून दिसतील, अशी माझी भाबडी समजूत. बंदोबस्तावरच्या पोलिसाने नम्रपणे नकार दिला.

अव्वा रागावल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी कागदाची एक पुडी काढली. बैलहोंगलच्या समाधीवरचा अंगारा होता. चेन्नम्मेच्या पायाशी ठेवायचा म्हणून त्यांनी तो घरापासून आणला होता. ती पुडी परत पिशवीत ठेवत त्यांनी संसदेच्या दिशेने हात जोडले आणि चालू लागल्या. परतीच्या वाटेवर मी कोणाशी बोललो नाही.

राजघाटाकडून टिळक मार्गाने

तिसऱ्या दिवशी सकाळी राजघाटावर गेलो. काळ्या संगमरवराचा साधा चौथरा. ३१ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर इथे अंत्यसंस्कार झाले. गांधीजी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि ते अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या बेळगावात भरले. ते घडवून आणणारे हुदलीचे गंगाधरराव देशपांडे 'कर्नाटकसिंह' म्हणून ओळखले गेले. घरची भाषा मराठी आणि पदवी कर्नाटकाची. आज कोणी याचा घोळ घातला असता. त्या काळी कोणाला त्यात अडचण दिसली नाही.

तिथून टॅक्सी केली. चालकाने विचारले, "आप लोग कहाँ से?"

"बेळगाव," आई म्हणाली.

"कर्नाटका," अव्वा म्हणाल्या.

"दोन्ही," मुलगी म्हणाली. त्याला काय कळले कोण जाणे, त्याने मान डोलावली.

टॅक्सी टिळक मार्गावर आली. डाव्या-उजव्या इमारती दाखवता दाखवता मी म्हणालो, "ते घुमटवालं सर्वोच्च न्यायालय." आणि मग राहवले नाही म्हणून सांगितले, की महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा इथलाच. इमारत मागे जाईपर्यंत दोघी तिकडे बघत राहिल्या. या प्रश्नावर आमच्या घरात कोणाचे काय मत आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते कोणी बोलत नाही. थोड्या वेळाने आईने कुंद्याचा डबा उघडला आणि पहिला चमचा अव्वांच्या हातावर ठेवला.

भिंतीवरचे नाव

इंडिया गेट ४२ मीटर उंच आहे. पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात कामी आलेल्या सुमारे सत्तर हजार हिंदी सैनिकांचे हे स्मारक. त्यावर तेरा हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. त्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपाशी लढल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये कैद झाल्या. बेळगावच्या मराठा सेंटरवरून रोज जाणाऱ्या आपल्याला एवढे तरी माहीत असावे.

स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांसाठी शेजारीच राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते खुले झाले. एकात एक अशी चार वर्तुळे आहेत. मध्ये अमर चक्रात ज्योत तेवते. त्याबाहेर वीरता चक्र, मग त्याग चक्र, शेवटी झाडांचे रक्षक चक्र. परमवीर चक्र मिळालेल्या २१ जणांचे अर्धपुतळे वेगळ्या भागात आहेत. त्यांत रामा राघोबा राणे यांच्यापुढे जरूर थांबा. कारवारजवळच्या चेंडियाचे. बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत ते जखमी अवस्थेत रणगाड्यांच्या पुढे राहिले.

त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या छोट्या पाट्या आहेत, एका पाटीवर एक नाव. अशी पंचवीस हजारांहून अधिक नावे. तिथल्या कर्मचाऱ्याने मामाचे नाव शोधून दिले आणि भिंतीपर्यंत सोबत आला.

आई पाटीसमोर उभी राहिली. नावावरून बोट फिरवले. रडली नाही. मला म्हणाली, "शेजारी कोण कोण आहेत? वाच."

मी वाचत गेलो. वरचे, खालचे, डावीकडचे, उजवीकडचे. प्रत्येक नावाला ती "बरं" म्हणायची.

मग अव्वांनी विचारले, "बीगती, घरी कसं कळलं?" इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारले नव्हते. आई सांगू लागली. तार आली ती इंग्रजीत. वाड्यात कोणाला वाचता येईना. गल्लीत कन्नड शाळेचे मास्तर भाड्याने राहत, त्यांना बोलावले. "मास्तरांनी वाचली आणि ते खालीच बसले. आधी ते रडले, मग आम्हाला कळलं. ह्यांच्या भाषेत काय की बोलले देवाला. मग आमच्या भाषेत आईला सांगितलं."

अव्वांनी पिशवीतली पुडी काढली. भिंतीला काही लावायचे नसते हे त्यांना न सांगताच कळले असावे. त्यांनी चिमूटभर अंगारा आईच्या कपाळाला लावला, तोच स्वतःच्या आणि नातीच्याही. पुडीत उरलेला परत बांधून ठेवला. म्हणाल्या, "हे चेन्नम्माचं. पुढच्या टायमाला."

वाचकहो, दिल्लीला जाणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा. सोमवारी लाल किल्ला बंद असतो. युद्ध स्मारक पाहायला पैसे पडत नाहीत. संध्याकाळच्या उताराला जा, पण नाव शोधायचे असेल तर हाताशी तासभर ठेवा. संसदेचा पास निघण्यापूर्वी काढा. मुख्य म्हणजे पुस्तकातली यादी घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना तिथे कोणाला भेटायचे आहे. आमच्या यादीत एक नाव शिल्लक आहे. पुडी देवघरात ठेवली आहे.