खरेदीखत परक्या दप्तरी न धाडता

खरेदीखत किंवा जातीचा दाखला यांसारखा खाजगी दस्तऐवज ऑनलाइन अर्जाच्या फाइल-आकाराच्या मर्यादेत बसावा, एवढ्याचसाठी तो कोणा अज्ञात सर्व्हरच्या हवाली करण्याचे आता प्रयोजन उरलेले नाही. कारण २०१९ साली अधिकृत मानक ठरलेल्या वेबअसेम्ब्ली या वेब-तंत्रामुळे घोस्टस्क्रिप्टसारखी मातब्बर प्रणाली ब्राउझरातच चालू शकते आणि पीडीएफचे आकुंचन आपल्याच संगणकात पार पडते. फाइल संगणकाबाहेर जात नाही, या अशा संकेतस्थळाच्या दाव्याची शहानिशा करायची, तर पान पूर्ण उघडल्यावर इंटरनेट बंद करून मगच फाइल निवडावी, आणि काम तडीस गेल्यावर, नेट पुन्हा जोडण्यापूर्वी, तो टॅब मिटून टाकावा. स्कॅनची घनता ३०० डीपीआयवरून १५० वर आणली की चित्रबिंदू एकचतुर्थांश उरतात; निव्वळ टाइप केलेल्या मजकुराची फाइल मात्र फारशी घटत नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याला तर हातही लावू नये, कारण फाइल नव्याने लिहिली जाताच ती स्वाक्षरी बाद होते.