आसावरचा भार आणि रस्त्याचे आयुष्य

रायपूर शहराला लागून असलेले बीरगांव हे उरला औद्योगिक क्षेत्राच्या परिसरातील शहर. त्याच्या पुढे सिलतरा लागते. स्पंज आयर्न, बिलेट आणि सळई तयार करणाऱ्या कारखान्यांमुळे या पट्ट्यातील रस्त्यांवर मालमोटारींची अहोरात्र ये-जा असते. येथून नागपूरकडे जाणारा माल पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग ६ ने, म्हणजेच २०१० च्या फेरक्रमांकनानंतरच्या महामार्ग ५३ ने, महाराष्ट्रात उतरतो.

पोलादाच्या वाहतुकीत डोळ्यांवर विसंबता येत नाही. विदर्भातील कापसाची मालमोटार काठोकाठ भरली तरी तिचे वजन बहुधा मर्यादेतच राहते. पोलादाचे तसे नाही. एक घनमीटर पोलाद सुमारे ७.८५ टन भरते. म्हणजे सोळा टन पोलादाला अवघे दोन घनमीटर पुरतात. हौदा जवळजवळ रिकामा दिसतो आणि तरीही कायद्याची मर्यादा ओलांडलेली असते. वजनकाट्याखेरीज हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

रस्त्याच्या दृष्टीने एकूण वजनापेक्षा महत्त्वाचे असते ते प्रत्येक आसावर, म्हणजे ॲक्सलवर, येणारे वजन. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी अखंड फिरवून याची कसोटी घेण्यात आली. निष्कर्ष असा निघाला, की रस्त्याची झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. हा नियम ढोबळ आहे. रस्त्याच्या थरांप्रमाणे तो बदलतो. तरीही जगभरच्या रस्ता-आराखड्यांचा तो आधार ठरला. आपल्याकडे भारतीय रस्ते काँग्रेसने मानलेला प्रमाण आस ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.१६ टनांचा आहे. अमेरिकेतील जुन्या १८,००० पौंडांच्या मर्यादेइतकाच तो भरतो.

अमेरिकेने ही मर्यादा १९७० च्या दशकाच्या मध्यात वाढवली. तेव्हापासून आंतरराज्य महामार्गांवर एकेरी आसाला २०,००० पौंड (सुमारे ९.०७ टन), जोडआसाला ३४,००० पौंड (१५.४ टन) आणि एकूण ८०,००० पौंड (३६.३ टन) अशी मर्यादा आहे. शिवाय आसांमधील अंतर जितके कमी तितका परवानगीचा भार कमी, असे पुलांच्या रक्षणासाठी सूत्र आहे. त्यामुळे तेथील गाड्या लांबलचक झाल्या आणि ओढणाऱ्या गाडीला मागे दोन आस आले.

युरोपने वेगळा मार्ग धरला. १९९६ च्या निर्देशानुसार आंतरदेशीय वाहतुकीत इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या एकेरी आसावर ११.५ टन चालतात, इतर आसांवर १० टन. पाच आसांच्या गाडीचे एकूण वजन साधारणपणे ४० टन. मात्र ट्रेलरसह लांबी १६.५ मीटरच्या आत बसवावी लागते. म्हणून चालकाची केबिन इंजिनावर चढली, गाडीचे नाक चपटे झाले आणि ट्रेलरखाली तीन आस आले. अमेरिकेतील लांब नाकाच्या गाड्या चित्रपटांमुळे रुबाबदार वाटतात खऱ्या. पण दोन्ही खंडांतील हा फरक आवडीनिवडीचा नसून कायद्यातील आकड्यांचा आहे.

भारतात १९९६ च्या अधिसूचनेने चार टायरांच्या एकेरी आसाला १०.२ टन आणि जोडआसाला १९ टन ठरवले होते. जुलै २०१८ मध्ये हे आकडे अनुक्रमे ११.५ आणि २१ टन झाले. दोन आसांच्या मालमोटारीचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर, तर कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. म्हणजे एकेरी आसापुरते आपण युरोपच्या रांगेत जाऊन बसलो. हिशेब केला तर १०.२ ऐवजी ११.५ टन म्हणजे एका फेरीत साठ टक्क्यांहून अधिक झीज. फेऱ्या कमी होतात, डिझेल वाचते, हे खरे. परंतु बचत वाहतूकदाराची आणि डांबराचा खर्च सार्वजनिक तिजोरीचा, ही विभागणी नजरेआड करता येत नाही. राष्ट्रीय महामार्ग हा भार सोसतीलही. कारखान्यापासून महामार्गापर्यंतचा स्थानिक रस्ता मात्र बहुधा त्या ताकदीचा नसतो.

यावर उपाय आसांची संख्या वाढवण्याचा आहे. जोडआसाचा प्रमाणभार १४८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५ टन मानला जातो. त्या मानाने २१ टनांचा जोडआस पावणेचार प्रमाण आसांइतकी झीज करतो, ११.५ टनांचा एकेरी आस जवळजवळ चार. जवळपास दुप्पट भार, आणि रस्त्याची हानी किंचित कमीच! पोलादासारख्या जड मालासाठी दहाचाकी वा त्याहून मोठी गाडी वापरण्याचे कारण इतके सरळ आहे. अडचण भांडवलाची आहे. एकच सहाचाकी गाडी असणारा मालक भाडे टिकवण्यासाठी जादा माल घेतो, आणि मर्यादा पाळणारा त्याच्यापुढे महाग ठरतो.

जादा भाराला काही राज्ये पैसे घेऊन आगाऊ परवाने देत असत. ९ नोव्हेंबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन खटल्यात ही पद्धत बेकायदेशीर ठरवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार सप्टेंबर २०१९ पासून दंड २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, असेही बंधन आहे. प्रत्यक्षात रस्त्याच्या कडेला सळईचे भारे उतरवायचे तर क्रेन हवी, जागा हवी, राखणदार हवा. म्हणून वजनाची तपासणी नाक्यावर होण्यापेक्षा उरला-सिलतऱ्यातील कारखान्यांच्या दारातच होणे सोयीचे. कलमात दंडाची जबाबदारी केवळ चालकावर नाही. तशी गाडी चालवावयास लावणाराही तीत येतो.