नौकेचा पंखा

चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या तांबरमहून वेळचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पळ्ळिकरणै येथे राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे ‘सागरनिधी’ हे संशोधन जहाज सुमारे १०४ मीटर लांब आहे. असे जहाज असो की मुंबईच्या ससून गोदीतील मासेमारी नौका. तिला पुढे ढकलणारे साधन एकच आणि ते पाण्याखाली असल्यामुळे सहसा दिसत नाही. त्यास प्रोपेलर म्हणतात. कोकण किनाऱ्यावर त्याला सरळ ‘पंखा’ म्हणतात आणि तो शब्द अगदी समर्पक आहे. छताचा पंखा हवा खाली लोटतो. नौकेचा पंखा पाणी मागे लोटतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार ते पाणी तितक्याच बलाने पंख्याला, पर्यायाने नौकेला, पुढे रेटते.

पंख्याच्या मध्यभागी जाड, गोल नाभी असते. इंजिनाची गती आणणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, तीत बसवलेला असतो. नाभीभोवती तीन, चार किंवा अधिक पाती असतात. फिरताना पात्यांची टोके जे वर्तुळ काढतात, त्याचा व्यास हाच पंख्याचा व्यास होय.

‘पिच’ ही संज्ञा मात्र थोडी सावकाश समजून घ्यावी. लाकडात स्क्रू एक फेरा फिरवला, की तो दोन आट्यांमधील अंतराइतका आत जातो. पंख्याची पातीही आट्यांसारखी तिरपी असतात. पाणी लाकडासारखे घट्ट असते, तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता, ते अंतर म्हणजे पिच. समजा, पिच ५० सेंटीमीटर आहे आणि पंखा मिनिटाला ६०० फेरे घेतो. म्हणजे नौकेने मिनिटाला ३०० मीटर, ताशी १८ किलोमीटर जावयास हवे. प्रत्यक्षात ती ताशी १२ किलोमीटरच जाते, असे धरू. या फरकास स्लिप, म्हणजे घसर, म्हणतात. येथे ती एक तृतीयांश आहे. घसर हा निव्वळ दोष आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु पाणी मागे सरकलेच नाही, तर रेटा मिळणार कसा?

खरा प्रश्न योग्य पंखा निवडण्याचा आहे. जाळे ओढणाऱ्या जड नौकेस वेगापेक्षा ओढ महत्त्वाची. तिला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा व सावकाश फिरणारा पंखा मानवतो. हलक्या, वेगवान नौकेस अधिक पिच लागतो. वेगाच्या मोहाने जड नौकेला जास्त पिचचा पंखा बसवला, तर इंजिन ठरलेले फेरे गाठू शकत नाही, काळा धूर ओकते आणि डिझेल वाया जाते. पिच फारच कमी असला, तर इंजिन नुसतेच भरधाव फिरते. मासेमारीच्या खर्चात डिझेलचा वाटा मोठा असतो. म्हणून एखादे पाते वाकले, तरी ते किरकोळ समजू नये.

पंखा फार वेगाने फिरला, तर पात्याच्या पुढील बाजूस दाब इतका उतरतो, की थंड पाण्याचीही वाफ होऊन बुडबुडे उठतात. ते फुटताना धातूचे कण उडतात आणि पाते वाळवी लागल्यासारखे दिसू लागते. यास कॅव्हिटेशन म्हणतात.

नौका चालवणे एवढेच पंख्याचे काम नव्हे. खोल समुद्रात, जेथे नांगर टाकून उपयोग नसतो, तेथे उपकरणे पाण्यात सोडताना ‘सागरनिधी’चे संगणकनियंत्रित पंखे वारा व प्रवाह यांच्या विरुद्ध रेटा देऊन जहाजाला एकाच जागी उभे ठेवतात.