आतड्याची वेटोळी कशी पडतात?

पांढऱ्या उंदराचे शरीर शेपूट सोडल्यास जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर लांब. पण त्याचे लहान आतडे उलगडले तर सुमारे ३० ते ४० सेंटिमीटर भरते! एवढी नळी पोटात न गुंतता बसते कशी? "जागा कमी, म्हणून दुमडत असेल," असे तुम्ही म्हणाल. पण दोरी डब्यात कोंबली की दर वेळी निराळा गुंता होतो. आतड्याची वेटोळी मात्र एका जातीच्या सर्व प्राण्यांत बरीचशी सारखी असतात.

उंदरीण १९-२० दिवस गाभण असते. भ्रूणाचे आतडे आरंभी साधी, सरळ नळी असते. पुढे ते इतके झपाट्याने वाढते की त्याचा काही भाग चक्क नाळेत उतरतो. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास तो पोटात परततो, तेव्हा त्याला वेटोळी पडलेली असतात.

ही किमया कोणाची? आतडे पाठीच्या बाजूला एका पातळ पडद्याने जोडलेले असते. त्याला आंत्रबंध म्हणतात. आतडे भरभर वाढते, आंत्रबंध सावकाश. त्यामुळे पडदा ताणला जातो आणि नळीवर दाब येतो. दाब मर्यादेबाहेर गेला की नळी वाकते.

२०११ साली हार्वर्ड विद्यापीठातील एल. महादेवन, क्लिफर्ड टॅबिन व सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. कोंबडीच्या भ्रूणातील आतडे त्यांनी आंत्रबंधापासून सोडवले. काय झाले असेल? आतडे सरळ झाले आणि पडदा आकसला! दोहोंची जाडी, ताठरपणा आणि वाढीतील फरक मोजून वेटोळ्यांची संख्या व आकार गणिताने काढता आला. तेच गणित उंदरालाही लागू पडले.

तुम्हीही करून पाहा. १५ सेंटिमीटर इलॅस्टिक २५ सेंटिमीटरपर्यंत ताणून धरा. त्यावर तेवढीच लांब कापडी पट्टी जवळजवळ टाके घालून शिवा आणि इलॅस्टिक सोडा. कापडाला चुण्या पडतील. इलॅस्टिक म्हणजे आंत्रबंध, कापड म्हणजे आतडे! आता जाड कापड घ्या. चुण्या मोठ्या झाल्या की लहान? का बरे?

हा नुसता खेळ नव्हे. मानवी गर्भातही आतडे असेच नाळेत उतरून परतते. परतताना ते नीट वळले नाही, तर जन्मानंतर त्याला पीळ पडून रक्तपुरवठा तुटू शकतो. अशा बाळावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. ताण आणि दाब हे धडे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात असले, तरी त्यांचा पहिला प्रयोग आपल्या प्रत्येकाच्या पोटात जन्माआधीच होऊन गेलेला असतो.