मोकळी आहे, पण सलग नाही

जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून बाहेर पडणारी सळई साधारणपणे 12 मीटरची असते. जाडी 12 मिलिमीटर असेल, तर वजन साडेदहा किलोच्या थोडं वर. तीन-तीन मीटरचे चार तुकडे काट्यावर ठेवले तरी वजन तेवढंच भरतं. पण सलग 12 मीटर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते देता येत नाहीत. संगणकाच्या मेमरीचे असे तुकडे पडतात, त्याला फ्रॅगमेंटेशन म्हणतात. लिनक्सच्या कर्नलमधला हा बिघाड शोधताना काही गैरसमज हमखास आडवे येतात.

गैरसमज: मेमरी मोकळी असेल, तर मागणी पूर्ण होणारच.

वस्तुस्थिती: कर्नल मेमरी सहसा 4 केबीच्या पानांत वाटतो. 4 जीबीतलं एकाआड एक पान व्यापलं आहे असं समजा. 2 जीबी मोकळी, तरीही 8 केबीचा सलग तुकडा मिळणार नाही. कर्नलच्या नोंदींत 'ऑर्डर 4'ची मागणी फसल्याचं दिसलं, तर सलग 16 पानं, म्हणजे 64 केबी हवे होते. अशा वेळी 'बडीइन्फो' ही फाइल उघडावी. तिच्यात 1, 2, 4, 8 पानं अशा चढत्या आकाराचे किती गठ्ठे शिल्लक आहेत ते दिसतं. डावीकडे मोठे आकडे आणि उजवीकडे शून्यं, ही तुकडे पडल्याची खूण.

गैरसमज: ही मेमरी लीकच आहे.

वस्तुस्थिती: लीकमध्ये मोकळी मेमरी घटत जाते. इथे ती तेवढीच राहून फक्त मोठे गठ्ठे संपू शकतात. मागणी फसत असताना कर्नलचा 'एक्स्टफ्रॅग' निर्देशांक 0 कडे झुकला, तर मेमरीच कमी आहे; 1 कडे झुकला, तर दोष तुकड्यांचा.

गैरसमज: आभासी मेमरी असताना सलग जागा कशाला?

वस्तुस्थिती: बांधकामावर दोन सळयांना लॅप देतात, तशी 'व्हीमॅलॉक' विखुरलेली पानं जोडून सलग भासवतो. पण काही उपकरणं थेट प्रत्यक्ष पत्त्यावर वाचतात-लिहितात. तिथे हा जोड चालत नाही. 2 एमबीच्या ह्यूज पेजलाही खरोखरची सलग जागा लागते.

गैरसमज: कॅशे रिकामी केली किंवा यंत्र रीस्टार्ट केलं की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: कॅशेतून सुटलेली पानं विखुरलेलीच असू शकतात. रीस्टार्ट म्हणजे सगळे तुकडे भट्टीत वितळवणं; कापाकापी पुन्हा सुरू झाली की तुकडे पुन्हा पडतात.

कर्नल विकसक मेल गॉर्मन यांच्या कामातून 2008 मध्ये, कर्नलच्या 2.6.24 आवृत्तीत, हलवता येणारी आणि न येणारी पानं वेगळी ठेवायची सोय आली. 2010 च्या 2.6.35 मध्ये पानं सरकवून जागा सलग करणारं कॉम्पॅक्शन आलं. मात्र कर्नलची स्वतःची बरीच पानं हलत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या पानांसाठी राखलेल्या गठ्ठ्यात ती शिरतात, तेव्हा 'एक्स्टफ्रॅग' ट्रेसपॉइंट त्याची नोंद करतो. त्या नोंदींबरोबर कॉल स्टॅकही नोंदवला, तर मागणी कर्नलच्या कोणत्या भागातून आली ते सापडतं.