रोज रात्री घडणारी वाट

माझ्या धाकट्या भगिनीची कन्या आणि तिचे यजमान गेली काही वर्षे कॅनडातील माँट्रियल नगरीत वास्तव्य करून आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत या दांपत्याने क्वेबेक प्रांताच्या उत्तरेकडील अरण्यप्रदेशात चार दिवसांचा प्रवास केला. हा प्रवास मोटारीने नव्हता, आगगाडीनेही नव्हता. बर्फावरून धावणाऱ्या ‘स्नोमोबाइल’ नावाच्या वाहनावरून होता. भाचीचे सविस्तर पत्र आले (आजकाल पत्रे संगणकातून उतरतात, तरी पत्र ते पत्रच), आणि आमच्या ग्वाल्हेरच्या घरी त्याचे सामुदायिक वाचन झाले. पौषात आमच्याकडेही पारा चार-पाच अंशांवर येतो व त्याचे कौतुक सांगण्याची आम्हा ग्वाल्हेरकरांना सवय आहे. पत्रातील ‘उणे पंचवीस’ हा आकडा ऐकून सारेच गप्प झाले. मग आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “एवढ्या गारठ्यात शेगडी सोडून ही दोघे रानात कशाला गेली?”

प्रश्न रास्त होता. मीही तोच पुढे पत्रातून विचारला. भाचीने उत्तर दिले ते असे : “मामा, बर्फासाठी आम्ही गेलो होतो हे खरे, पण परतताना लक्षात राहिली ती वाट.” या उत्तराने माझे कुतूहल चाळवले, आणि त्यानिमित्ताने जे वाचले-ऐकले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम त्या वाहनाविषयी. पुढे दोन घसरपट्ट्या, त्या मोटारसायकलीप्रमाणे हँडलने वळवायच्या. मागे रणगाड्याला असतो तसा अखंड फिरणारा रुंद रबरी पट्टा. वजन अडीच-तीनशे किलो. तरीही ते रुतत नाही, कारण सारा भार मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो; वाळवंटातील उंटाच्या रुंद पावलामागे जे तत्त्व आहे तेच येथे. वेग उजव्या अंगठ्याने वाढवायचा. हँडलच्या मुठी विजेने तापतात, नाही तर बोटे हाती राहणार नाहीत. चालकाच्या कोटाला एक दोरी अडकवलेली असते. तो पडला की दोरी सुटते व इंजिन तत्काळ बंद पडते.

या वाहनाचा इतिहास मात्र मौजेचा नाही. क्वेबेकच्या दक्षिणेस वालकूर नावाचे खेडे आहे. तेथे १९०७ मध्ये जन्मलेला जोसेफ-आर्मां बोंबार्दिये हा गॅरेज चालवणारा तरुण. त्या काळी हिवाळ्यात ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ हटवण्याची सोय नव्हती. मोटारी घरात बंद होत आणि लोक घोड्यांच्या घसरगाड्यांवर अवलंबून राहत. १९३४ च्या हिवाळ्यात बोंबार्दियेचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. तातडीने शस्त्रक्रिया हवी होती, पण रुग्णालय दूर आणि रस्ते बर्फाने बुजलेले. बर्फावरून चालणाऱ्या गाडीचे प्रयोग बापाच्याच गॅरेजमध्ये चालू होते. पण त्या दिवशी ती गाडी चालण्याच्या स्थितीत नव्हती. मूल गेले.

पुत्रशोकातून यंत्र जन्मले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते अक्षरशः खरे नाही. १९२२ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, या मुलाने जुन्या मोटारीचे इंजिन व विमानासारखा पंखा जोडून एक घसरगाडी पळवली होती, आणि घाबरलेल्या वडिलांनी ती मोडायला लावली होती. वेड जुनेच होते. परंतु एका छंदाला निकड प्राप्त झाली ती १९३४ नंतर, असे मानणे मला योग्य वाटते. १९३७ मध्ये त्याला पट्टा व दातेरी चाक यांच्या रचनेचे एकस्व मिळाले आणि सात माणसे बसतील अशी बंदिस्त बर्फगाडी विक्रीस आली. डॉक्टर, धर्मगुरू, टपाल व पुढे शाळेची मुलेसुद्धा अशा गाड्यांतून जाऊ लागली. शिक्षकी पेशातील माणसाला यातील शेवटची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली, तर नवल नाही!

१९४८ च्या सुमारास प्रांतिक सरकारने खेड्यांचे रस्तेही हिवाळ्यात मोकळे ठेवण्याचे धोरण धरले आणि मोठ्या बर्फगाड्यांचा खप घसरला. तेव्हा बोंबार्दियेने एक-दोन माणसांपुरते हलके वाहन घडवले. १९५९ मध्ये ते ‘स्की-डू’ नावाने बाजारात आले. कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणारे म्हणून आधी ‘स्की-डॉग’ नाव योजले होते, असे सांगतात. त्याचा कर्ता १९६४ मध्ये वारला. त्याच्या नावाच्या कंपनीने पुढे आगगाड्या व विमाने केली. आमच्या बडोदेकर वाचकांना सावलीचा कारखाना ठाऊक असेल; दिल्लीच्या मेट्रोचे डबे तेथे ज्या बोंबार्दिये कंपनीने बांधले, तिचे मूळ हे. (२०२१ पासून तो कारखाना दुसऱ्या कंपनीकडे आहे.) बर्फवाहनांचा विभाग २००३ मध्येच वेगळा झाला.

आता त्या वाटेकडे वळतो. स्नोमोबाइल कोठेही धावू शकते, मग वाट कशाला, असे आपल्याला वाटेल. परंतु मोकळ्या, खोल बर्फात नवशिका प्रवासी घटकाभरात दमतो. दूरच्या प्रवासाला कसलेली वाट लागते. क्वेबेकमध्ये अशा वाटांचे जाळे ३०,००० किलोमीटरांहून अधिक आहे, आणि ते सांभाळतात सुमारे २०० स्थानिक मंडळे. या मंडळांचे बहुतेक कार्यकर्ते स्वयंसेवक असतात. वाटेवरून जाणाऱ्याला हंगामाचे वा काही दिवसांचे शुल्क भरावे लागते. त्यातून यंत्रांचे इंधन व दुरुस्ती भागते.

दिवसभर शेकडो वाहने गेली की वाटेवर लाटांसारखे उंचवटे उठतात. कच्च्या सडकेवर बैलगाड्या व ट्रक यांनी जशा वळकट्या पडतात, तसाच हा प्रकार. ते मोडण्यासाठी रात्री पट्ट्यांचा मोठा ट्रॅक्टर निघतो. त्याच्या मागे लांबलचक लोखंडी सांगाडा. त्यातील पाती उंचवटे कापतात, कापलेला बर्फ घुसळतात, आणि शेवटचा जड तवा तो दाबून सपाट करतो. आपल्याकडे पेरणीपूर्वी ढेकळे फोडायला शेतकरी मैंद फिरवतो, त्याची आठवण व्हावी. रात्रीच का? एक तर रहदारी नसते. दुसरे कारण अधिक रंजक आहे : घुसळल्याने बर्फाचे स्फटिक फुटतात, आणि थंडीत काही तास निवांत पडून राहिले की ते एकमेकांस सांधले जाऊन वाट टणक होते. तापलेल्या दुपारी हे काम केले तर वाट संध्याकाळपर्यंत पुन्हा विस्कटते. म्हणून तो ट्रॅक्टर काळोखात, माणूस धावेल एवढ्याच वेगाने, एका माणसाला घेऊन तासन् तास चालत असतो.

भाची व जावई मोटारीने साडेचारशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापून सागने भागातील शिकूतिमीस पोहोचली. तेथे त्यांनी दोन वाहने भाड्याने घेतली. एकाच वाहनावर दोघांना बसता येते. पण “मागे बसून चार दिवस ह्यांची पाठ पाहायची असती, तर घरीच राहिले असते,” असे भाचीने लिहिले आहे. पहिला दिवस मों-वालें या पर्वतराजीचा. येथे हिमवृष्टी इतकी होते की सूचिपर्णी वृक्ष आपादमस्तक बर्फात बुडून त्यांचे पांढरे, वाकलेले आकार होतात. तेथील एका दरीला ‘भुतांची दरी’ हेच नाव आहे. भाचीला मात्र ती भुते न वाटता पंगतीत मुकाट बसलेली वडीलधारी मंडळी वाटली!

दोघांच्या प्रवासाचे काही नियम तिने कळवले आहेत ते मला आवडले. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचे, आणि मागचा दिवा आरशात दिसल्यावरच वळायचे. समोरून कोणी आले तर हाताने खूण करायची. रांगेतील शेवटच्याने मूठ वळून दाखवायची, म्हणजे ‘माझ्यामागे कोणी नाही’. चार दिवस ती मूठ भाचीचीच होती. आणि दर थांब्यावर एकमेकांचे चेहरे न्याहाळायचे. हिमदंशाची सुरुवात नाकाच्या शेंड्यावर वा गालावर पांढुरक्या डागाने होते. तेथील संवेदना आधीच गेलेली असल्याने ज्याचा त्याला तो कळत नाही, सोबत्यालाच दिसतो. एकदा जावयांच्या गालावर असा डाग तिला दिसला, आणि तिने उघडा उबदार तळवा त्यावर धरून ठेवला. चोळायचे नसते, नुसते धरायचे असते. कपडेही सुती चालत नाहीत. सूत घाम धरून ठेवते व तोच घाम पुढे गोठवतो. दशम्या मात्र कोटाच्या आत, अंगाशी ठेवाव्या लागल्या, कारण सामानात ठेवलेली पहिली दशमी कौलासारखी कडक झाली होती.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती लाक सें-झाँ या विशाल सरोवराच्या काठची गावे घेत हिंडली. गोठलेल्या पाण्यावरून आखलेली वाट दोन्ही बाजूंस खुंट्यांनी दाखवलेली असते. तिच्याबाहेर जायचे नाही, हे चालक शंभरदा बजावतात. ते उगीच नव्हे. जानेवारी २०२० मध्ये याच सरोवरातून पाणी बाहेर पडते त्या भागी, आखलेली वाट सोडून गेलेल्या एका तुकडीतील पाच फ्रेंच पर्यटक आणि त्यांचा वाटाड्या बर्फ फुटून बुडाले. प्रवाहावरचा बर्फ वरून जाड भासतो व खाली विरत असतो. आमची मंडळी जेथे खुंट्या होत्या तेथूनच गेली, आणि एका ठिकाणी वाट बंदची पाटी दिसताच निमूट वळसा घालून आली. त्या वळशाने काळोख झाला. मुक्कामाच्या अलीकडे अरण्यात समोरून पिवळे दिवे लुकलुकत आले. तोच तो वाट घडवणारा ट्रॅक्टर. दोघांनी कडेला थांबून वाट दिली. आतल्या वृद्ध गृहस्थाने हात हलवला व तो तसाच काळोखात गेला. त्याच्यामागे राहिलेल्या अस्पर्श पट्ट्यावर वाहन घालायला भाचीचे मन धजेना. पण दुसरा रस्ता नव्हता!

आता या कौतुकाची दुसरी बाजू. ही वाट मंडळाच्या मालकीची नसते. सरकारी अरण्य सोडले तर ती शेतकऱ्यांच्या जमिनींतून, त्यांच्या संमतीने जाते. वाहन खुंट्यांबाहेर शेतात शिरले, तर दाबला गेलेला बर्फ खालच्या गवतपिकाला ऊब देत नाही व पीक मरते. एका उनाड चालकामुळे शेतकऱ्याने नाही म्हटले, की कित्येक कोसांची साखळी तुटते. आवाजाचे दुःखही खोटे नाही. लोरांतीद भागातील एका जुन्या रेल्वेमार्गावरील वाटेशेजारच्या रहिवाशांनी आवाज व धूर यांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, आणि २००४ मध्ये माँ-त्रांब्लां ते लाबेल या टप्प्यावर स्नोमोबाइलना बंदी झाली. वाहनप्रेमींना तो निकाल कठोर वाटला. दारावरून रोज मोटारी किंचाळत गेल्यावर माणसाचे काय होते हे जाणणाऱ्या आम्हा शहरवासीयांना त्या रहिवाशांची बाजूही पटावी.

शिवाय हिवाळाच आखडतो आहे. २०२३-२४ चा हिवाळा कॅनडाच्या नोंदींतील सर्वांत उष्ण ठरला. स्फटिक सांधण्यासाठी रात्रीची थंडीच नसेल, तर ट्रॅक्टर फिरवून उपयोग काय? सागनेसारख्या उत्तरेच्या भागाला अजून बर्फ आहे. दक्षिणेच्या मंडळांना मात्र शुल्क गोळा करावे आणि वाट उघडू नये, असे दिवस पाहावे लागत आहेत. ज्या वालकूरमध्ये बर्फाने एका बापाचा रस्ता अडवला, ते गावही दक्षिणेतच आहे.

सौभाग्यवतींना हे सर्व वाचून दाखवले. त्यांनी गालाच्या डागाचा भाग पुन्हा वाचायला लावला, आणि भाचीला लोकरीचे कानझाकणे विणून पाठवायचे ठरवले. भाचीचे पुढचे पत्र एप्रिलमध्ये आले. त्यात लिहिले होते की मंडळाचे लोक शेतांतील खुंट्या उपटून नेत आहेत, आणि वाटेसाठी काढलेली कुंपणे शेतकरी पुन्हा उभी करीत आहेत.